लेव्हलदार

लेव्हलदार हा बार्शीत बारमाही आढळणारा पिकअपमालक होय. बाजार समितीचे आवार, कुर्डुवाडी रस्त्याकडेची गॅरेजे आणि पेट्रोलपंपावरची हवा भरण्याची जागा ही त्याची मुख्य वसतिस्थाने. वयाची अट नाही. गाडी उभी केल्यावर दार आपटून तो सरळ निघून जात नाही, ही त्याची ओळखायची खूण. तो दहा पावले मागे सरतो, रस्त्याकडेला उकिडवा बसतो, एक डोळा मिटतो आणि हौद्याची कड समोरच्या दुकानाच्या पायरीशी जुळते का ते पाहतो. जुळली नाही तर गाडीत दोष. दुकानाची पायरीच तिरकी असू शकते, ही शक्यता या वर्गात विचारात घेतली जात नाही.

त्याच्या चिंतेचे मूळ गाडीच्या रचनेत आहे. मालवाहू पिकअपच्या मागच्या एक्सलवर पोलादी पाटे असतात. एकावर एक रचलेले, खालचा वरच्याहून आखूड, मधून सेंटर बोल्टने आवळलेले आणि यू-बोल्टने एक्सलला जखडलेले. टन-दीड टन माल पेलायचा म्हणून कंपनी या पाट्यांना चांगली कमान देते. त्यामुळे रिकामी गाडी मागून उंच आणि पुढून वाकलेली दिसते आणि माल भरला की आडवी होते. कंपनीने हे मुद्दाम केलेले असते. लेव्हलदाराच्या मते ते कंपनीचे चुकलेले असते, आणि कंपनी पुण्या-मुंबईला असल्यामुळे तिला बार्शीचे रस्ते कळत नाहीत.

तिरकेपणाचा दुसरा प्रकार कालांतराने येतो. चार-पाच हंगाम तूर, सोयाबीन आणि ज्वारीची पोती वाहून पाट्यांची कमान उतरते. मग भरलेली पिकअप पंगतीत तिसऱ्यांदा श्रीखंड वाढून घेतलेल्या पाहुण्यासारखी मागे रेलून बसते. पुढची चाके हलकी पडतात, स्टिअरिंग सैल लागते, रात्री हेडलाइटचा झोत रस्ता सोडून समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो. ही तक्रार मात्र खरी असते, आणि ‘मागनं बसलीय ओ’ हे वाक्य गॅरेजात दिवसभर ऐकू येते ते बहुधा याच कारणाने.

लेव्हलदारांचे दोन पंथ आहेत. पहिल्या पंथाला गाडी रिकामी असताना समपातळी हवी असते. हा पंथ तरुण आहे. त्याची गाडी नवी, मागच्या काचेवर कुलदैवत, आणि हौद्यात बराचसा काळ मित्रमंडळी. पुढचा भाग उचलून झाला की मागचा भाग खाली वाटू लागतो, म्हणून तो मागचा उचलतो. मग पुढचा खाली वाटतो. हे चक्र पैसे संपल्याशिवाय थांबत नाही. दुसरा पंथ व्यवहारी आहे. त्याला भरलेली गाडी भरलेली दिसू नये असे वाटते. मागे बसलेली पिकअप लांबूनच जादा मालाची चुगली करते. तीच आडवी दिसली तर आरटीओचा माणूस कदाचित चहा घेत राहील, हा त्यामागचा हिशेब. हिशेबात एकच उणीव आहे. वजनकाटा गाडीच्या तोंडाकडे पाहत नाही, आणि मोटार वाहन कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा भाराचा दंड 20,000 रुपये व वर प्रत्येक जादा टनामागे 2,000 रुपये असा आहे.

दोन्ही पंथांचे दैवत एकच, ते म्हणजे ठोकळा. पाटे एक्सलच्या वर बसवलेले असतील तर एक्सल आणि पाटे यांच्यामध्ये हा ठोकळा घालतात. जेवढी त्याची जाडी तेवढी गाडी वर येते. शॅकल, म्हणजे पाट्यांचे टोक चॅसीला जोडणारा दुवा, लांब केला तर मिळणारी उंची साधारण निम्मीच असते, त्यामुळे ठोकळ्याचे गणित लेव्हलदाराला फार आवडते. एक इंच घातला, एक इंच मिळाला. बाजारात असा व्यवहार दुसरा नाही. यात एक गोष्ट त्याच्या लक्षात येत नाही, आणि आली तरी तो ती मान्य करत नाही. ठोकळ्याने पाट्यांची ताकद गुंजभरही वाढत नाही. पूर्वी दीड टनाला गाडी जेवढी दबायची तेवढीच आताही दबते, फक्त दबण्याची सुरुवात वरून होते. ताकद हवी असेल तर जादा पाटा टाकावा लागतो किंवा पाटे खोलून पुन्हा कमान द्यावी लागते. उंची म्हणजे ताकद हा समज मात्र या वर्गात पक्का आहे, आणि तो पिकअपपुरता मर्यादित नाही.

ठोकळा योग्य ठरतो अशीही एक जागा आहे. तालुक्यातल्या गोरमाळ्याची एनएमके-1 सीताफळे प्रसिद्ध आहेत. सीताफळाचे क्रेट वाहताना जादा पाटा टाकला तर गाडी कडक होते आणि प्रत्येक खड्डा फळाच्या अंगावर उमटतो. ठोकळ्याने उंची येते आणि पाट्यांचा मऊपणा राहतो. पण सीताफळवाला सहसा लेव्हलदार नसतो. त्याचे सगळे लक्ष क्रेटकडे असते.

ठोकळ्याची निवड करण्याची शास्त्रीय रीत अशी. गाडी सपाट फरशीवर उभी करावी. चारही चाकांत कंपनीने सांगितलेली हवा असावी. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे माप चारही ठिकाणी घ्यावे, एकदा रिकाम्या गाडीचे आणि एकदा नेहमीच्या मालासह. मालासह मागचा भाग जेवढा खाली राहतो तेवढीच, किंवा किंचित कमी, जाडी निवडावी. रिकाम्या गाडीचा मागचा भाग थोडा उंच राहिला तर राहू द्यावा.

प्रत्यक्षातली रीत वेगळी आहे. मिस्त्री विचारतो, ‘‘किती टाकू?’’

‘‘टाका की दोन बोटं.’’

‘‘कुणाची?’’

हा प्रश्न विनोदाचा नाही. मिस्त्रीची दोन बोटे आणि मालकाची दोन बोटे यांत चांगला अर्ध्या इंचाचा फरक पडू शकतो, आणि ग्रीसने माखलेल्या बोटाची जाडी आणखी वेगळी. अखेरीस शेजारी टायरवर बसलेला एक गृहस्थ आपली बोटे पुढे करतो. त्याच्याकडे स्वतःची गाडी नसते, पण त्याने पूर्वी 407 चालवलेली असते. त्यामुळे त्याची बोटे प्रमाण मानली जातात. मग लेव्हलदार मोबाइलमधले पाणसळीचे अॅप उघडून फोन हौद्यावर ठेवतो, हिरवा बुडबुडा मध्यावर आला की फोटो काढतो, आणि हौद्याचा तळ ज्या जागी पोत्यांनी पिचलेला आहे तिथेच आपण फोन ठेवला होता हे त्याला घरी गेल्यावर कळते.

ठोकळ्याचे साहित्य हा स्वतंत्र विषय आहे. पोलादी किंवा ओतीव लोखंडी ठोकळा, ज्यात वरच्या बाजूला सेंटर बोल्टचे डोके बसेल असे भोक आणि खाली एक्सलच्या भोकात बसणारी खुंटी आहे, तो चालतो. यू-बोल्ट ठोकळ्याच्या जाडीइतके लांब घ्यावे लागतात. जुनेच ओढून बसवले तर नटाला आटे पुरत नाहीत. ठोकळ्यावर ठोकळा रचू नये आणि पुढच्या एक्सलला तो घालू नये, असा जगभरचा नियम आहे. बाभळीच्या ओंडक्याचा ठोकळा सुचवणारे लोकही आहेत. बाभूळ बैलगाडीच्या आखाला चालत होती, हा त्यांचा पुरावा.

बार्शीला खरे म्हणजे भाराच्या प्रश्नाचा जुना आणि चांगला वारसा आहे. 1897 साली बार्शी रोड, म्हणजे आताचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रेल्वे सुरू झाली. ती उभारणाऱ्या एव्हरार्ड कॅलथ्रॉपने प्रत्येक एक्सलवरचा भार पाच टनांवर बांधून घेतला. इंजिन असो वा वाघीण, कोणाच्याही धुऱ्यावर त्याहून जास्त नाही, म्हणून हलक्या रुळांवरूनही भरपूर माल गेला. ओझे धुऱ्यांवर सारखे वाटण्याचा हा उपाय पिकअपलाही लागू आहे. जड पोती मागच्या फाळक्याशी न रचता केबिनकडे सरकवली तर मागची बैठक पुष्कळ सुधारते. पण त्यात पैसे खर्च होत नाहीत, मिस्त्री लागत नाही आणि काही दिसतही नाही. त्यामुळे लेव्हलदाराला तो उपाय वाटत नाही.

ठोकळ्याचे दुष्परिणाम घाटात दिसतात. पांगरीमार्गे येडशीकडे चढताना पहिल्या गिअरमध्ये जोर लावला की एक्सल स्वतःभोवती पिळला जाऊ पाहतो आणि पाटे त्याच्याबरोबर वळतात. ठोकळा जितका उंच तितका हा पीळ जास्त. प्रॉपेलर शाफ्टचा कोन बदलतो, त्याच्या सांध्यातला क्रॉस आवाज करू लागतो. त्यावर उपाय म्हणून निमुळता ठोकळा मिळतो, आणि त्याची बारीक बाजू पुढे ठेवायची असते. ती मागे ठेवली तर कोन सुधारण्याऐवजी दुप्पट बिघडतो. मागचे शॉकअप, ब्रेकचा होज आणि हँडब्रेकची केबल यांची लांबी पुरते का तेही पाहावे लागते. सगळ्यांत कमी चर्चा होणारी गोष्ट ब्रेकची आहे. काही पिकअपना मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार ठरवणारा व्हॉल्व्ह असतो. चॅसी आणि एक्सल यांतले अंतर पाहून तो गाडी भरली आहे की रिकामी ते ओळखतो. ठोकळ्याने अंतर वाढले की भरलेली गाडीही त्याला रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक तो हात राखून देतो. आरटीओला फसवण्यासाठी बसवलेल्या ठोकळ्याने प्रत्यक्षात फसतो तो हा व्हॉल्व्ह. त्याची दांडी नव्याने जुळवून घ्यावी लागते. काही दिवस गाडी पळाल्यावर यू-बोल्टही पुन्हा आवळायचे असतात. त्या कामासाठी परत आलेला लेव्हलदार मिस्त्रीच्या आठवणीत क्वचितच आहे.

कायद्याच्या दृष्टीने मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही. मालवाहू गाडीचे पासिंग पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी असते. लेव्हलदाराने यावर वेळापत्रक बसवलेले आहे. पासिंगच्या आदल्या दिवशी ठोकळे काढून सीटखाली ठेवायचे, पासिंग झाले की बसवायचे. दर खेपेला काढण्याची मजुरी वेगळी आणि बसवण्याची वेगळी. आठव्या वर्षानंतर खर्च दुप्पट होतो, आणि साधारण त्याच सुमारास तो गाडी विकायला काढतो. गिऱ्हाईक येते, दहा पावले मागे सरून उकिडवे बसते, एक डोळा मिटते आणि गाडी मागून अंमळ वर असल्याचे सांगून पाच हजार कमी करायला लावते. लेव्हलदार पाच हजार सोडतो, पण ठोकळे गाडीबरोबर देत नाही. नव्या पिकअपचे बुकिंग त्याने केलेले असते.