अ, ब, क, ड आणि वाळवी

नगरपालिकेत अभिलेख कक्षाचा प्रमुख होणं ही बढती की शिक्षा, हे ज्याने त्याने आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवायचं असतं. माझी ऑर्डर निघाली तेव्हा बांधकाम विभागातल्या मित्रांनी मला सांत्वनाचा चहा पाजला. त्यांच्या टेबलावर दिवाळीत मिठाईचे खोके येतात. आमच्याकडे डांबरगोळ्या येतात, त्याही स्मरणपत्रं धाडल्यावर.

माझ्या अखत्यारीत आलं ते राज्य असं: इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या, छताला टेकलेली लोखंडी रॅक, लावला की कागद उडवणारा आणि बंद केला की माणसं पळवणारा एक पंखा, आणि शिपाई मामा. मामांच्या करदोट्याला किल्ल्यांचा जुडगा आणि डोक्यात अख्खी सूची. कागदावर सूची आहे म्हणे, पण ती कुठल्या गठ्ठ्यात आहे हे मामांनाच ठाऊक. मामा रजेवर गेले की गावाचा इतिहासही रजेवर जातो.

दफ्तरखाना म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पुण्याचं पेशवे दफ्तर येतं. दगडी इमारत, मोडीचे रुमालांवर रुमाल, आणि त्यांतून १९३०च्या दशकात ४५ खंड काढणारे गो. स. सरदेसाई. आमच्याकडे सरदेसाई फिरकत नाहीत. आमच्याकडे वारस येतात. वारसाला इतिहास नको असतो, त्याला एक ओळ हवी असते. आज्याचं नाव, घर नंबर, जात, तारीख. आणि ती ओळ साडेपाचच्या आत हवी असते, कारण गावाकडची शेवटची एसटी सहाची असते.

जन्माच्या नोंदीचं तर विचारूच नका. महाराष्ट्रातली एक अख्खी पिढी १ जूनला जन्मली आहे. पोराला शाळेत घालताना बापाला तारीख आठवेना, आणि गुरुजींना शाळा सुरू होण्याच्या तारखेपलीकडे जायची गरज वाटेना. या मंडळींपैकी एखादे काका निवृत्तीच्या आसपास आमच्याकडे खरी तारीख शोधायला येतात. मामा धूळ झटकत जुनं रजिस्टर काढतात. खरी तारीख सापडते, आणि काका शाळेच्या हिशेबापेक्षा दोन वर्षांनी मोठे निघतात. मग काका हळूच विचारतात, ‘‘साहेब, नक्कल घेतलीच पाहिजे असं काही आहे का?’’ नाही, असं काही नाही. त्यांनी पाहिलं, आम्ही पाहिलं, मामांनी रजिस्टर मिटलं.

कित्येक नोंदींत मुलाच्या नावाचा रकाना कोराच असतो. बारसं व्हायच्या आत वर्दी दिलेली. बापाचं नाव आहे, ‘पुरुष’ असं लिहिलंय, आणि पुढे मोकळी जागा. तो पुरुष आता सत्तरीचा होऊन समोरच्या बाकावर बसलेला असतो आणि हा पुरुष मीच, हे सिद्ध करायला पुरावे गोळा करत असतो. त्याच्यापाशी रेशन कार्ड आहे, मतदार कार्ड आहे, नातवंडं आहेत. त्या कोऱ्या रकान्यापुढे कशाचंच काही चालत नाही.

आता कागद ठेवायचे किती आणि टाकायचे किती, हा प्रश्न सरकारने कधीच सोडवून ठेवलाय. अ वर्ग कायम. ब वर्ग ३० वर्षं. क वर्ग १० वर्षं, क-१ पाच वर्षं. ड वर्ग एक वर्ष. शिवाय टेबलावरच्या कागदांसाठी सहा गठ्ठे पद्धत आहे. त्यातल्या पाचव्या गठ्ठ्याची वाट रेकॉर्डकडे आणि सहाव्याची रद्दीकडे. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ म्हणतो की हे सगळं पाहायला अभिलेख अधिकारी हवा आणि नियम डावलून काही नष्ट करायचं नाही. कागदावर ही व्यवस्था इतकी सुबक आहे की वाचूनच समाधान होतं.

प्रत्यक्षात वर्ग कोण घालतो? प्रकरण बंद करणारा लिपिक, संध्याकाळी पावणेसहाला. ड लिहिलं आणि उद्या कुणी तोच कागद मागितला तर? पेन्शन अडकेल. म्हणून तो अ लिहितो. अ लिहिल्याबद्दल आजवर कुणाची चौकशी लागलेली नाही. परिणामी आमच्याकडे टँकरच्या डिझेलची पावती कायम आहे, पालिकेच्या घड्याळाला किल्ली देणाऱ्याचा रजेचा अर्ज कायम आहे, आणि एका अध्यक्षांच्या सत्कारासाठी आणलेल्या नारळांचं बिल तर दोन प्रतींत कायम आहे. खऱ्या अ वर्गाला मग जागा उरत नाही. तो जमिनीवर, भिंतीला टेकून.

आणि भिंतीतून येते वाळवी. वाळवी वर्गीकरण पाळत नाही, पण तिला निवड नाही असंही म्हणवत नाही. डिझेलच्या पावत्या तिने कधी तोंडात धरल्या नाहीत. तिने खाल्ली ती घरपट्टीच्या आकारणीची जुनी वही, जिच्यात कुणाचं घर किती खणांचं, मातीचं की विटांचं, हे सगळं लिहिलेलं होतं. मी आल्यावर नेतृत्व म्हणून जे काही केलं ते एवढंच, की रॅक भिंतीपासून हातभर पुढे ओढले आणि जमिनीवरचे गठ्ठे वर चढवले. यासाठी टिपणी, अंदाजपत्रकात तरतूद, तीन दरपत्रकं आणि स्थायी समितीची मंजुरी लागली. रॅक ओढायला अर्धा दिवस लागला.

कसरीवर मामांचे उपाय वेगळे. कडुलिंबाचा वाळलेला पाला, वेखंडाच्या पुरचुंड्या आणि लाल खारव्यात घट्ट बांधलेला गठ्ठा. मी काही पुस्तकी बदल सुचवले. मामांनी ऐकून घेतले आणि वेखंड ठेवला. फार फरक पडला नाही, म्हणजे चांगलंच झालं. मामांचा खरा राग सेलोटेपवर. सेलोटेप लावणाऱ्याचा हेतू नेहमी चांगला असतो. फाटलेलं पान जोडायचं म्हणून तो चिकटवतो, आणि काही वर्षांत त्याचा डिंक पिवळा पडून शाईसकट कागद खातो. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जीर्ण पानाला पातळ टिश्यू आणि अ‍ॅसिटेटची फिल्म लावून, अ‍ॅसिटोनचा बोळा फिरवून हाताने मढवायची रीत बसवली होती. आमच्याकडे मढवायला टिश्यू नाही. निदान सेलोटेप बंद, अशी पाटी मी लावली. ती सेलोटेपनेच लावावी लागली.

कागदाची एक गंमत मात्र इथे आल्याशिवाय कळली नसती. हद्दवाढीत आलेल्या एका गावाकडून मोडीतले काही जुने कागद मिळाले. हातकागद, खळ देऊन वर घोटलेला. असा कागद एके काळी जुन्नरला होई, दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात होई. काजळाची शाई. आजही घडी उलगडली तर पान मोडत नाही आणि अक्षर टपोरं काळं दिसतं. त्यानंतर आला गिरणीचा लाकडाच्या लगद्याचा कागद. त्यात तुरटी, तुरटीमुळे आम्ल, आणि आम्लामुळे पान आतूनच जळत जातं. १९७०च्या दशकातली आमची फाईल उघडली की तिचे पापडाच्या चुऱ्यासारखे तुकडे होतात. नव्वदीतले फॅक्स आता कोरे झालेत. वर पालिकेचा आवक शिक्का, खाली पांढरंशुभ्र मौन. त्यानंतरच्या फ्लॉपी एका डब्यात आहेत. त्यांवर छान अक्षरात ‘महत्त्वाचे’ लिहिलंय. मामांचा निष्कर्ष असा की साहेब लोकांनी जितकी सुधारणा केली तितकं त्यांचं काम कमी टिकलं.

कागद टिकला म्हणजे तो खरं बोलतो, असंही नाही. प्लेगच्या काळातलं मृत्यूचं रजिस्टर पाहा. १८९६च्या सप्टेंबरात मुंबईत साथ उघड झाली, पुढच्या वर्षी पुण्यात घरझडत्या झाल्या. रोग्याला उचलून छावणीत नेतात, घरातल्या माणसांना क्वारंटाइनमध्ये टाकतात, सामान बाहेर काढतात, या धास्तीने लोक आजार लपवत. मग मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात ओळीने ‘ताप’, ‘ताप’, ‘ताप’, ‘खोकला’, पुन्हा ‘ताप’. एवढा साधा ताप एकाच आळीत, एकाच पंधरवड्यात. लिहिणाऱ्या कारकुनाला काय ते समजलं नसेल असं मला वाटत नाही. तोही त्याच आळीत राहात असणार.

हे रजिस्टर कधी तरी कुणी ड वर्गात टाकलं असतं तर नियमाने चुकलं असतं, पण फारसं कुणाच्या लक्षात आलं नसतं. मेलेल्या माणसांचं काम संपलेलं होतं. पण २०२३च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायचं फर्मान सगळ्या कचेऱ्यांना आलं, आणि आमच्या मागच्या खोल्यांकडे येणारी वाट पहिल्यांदा लोकांना माहीत झाली. १९६७च्या आधीचं जे जे असेल ते काढा. जन्म-मृत्यूची रजिस्टरं, गाव नमुना १४, कोतवाल बुक, शाळांचे दाखले. रांग फाटकाबाहेर गेली. मिठाईचे खोके नाही आले, पण फाटकावर चहाची गाडी आली.

तेव्हा खरे राजे ठरले मोडी वाचणारे. बोरूने न उचलता लिहिलेली ती लिपी. शब्दांमध्ये जागा सोडायची नाही, ह्रस्व-दीर्घाचा घोळ घालायचा नाही, वरची रेघ आधीच ओढून ठेवायची आणि मग अक्षरं तिला टांगत जायची. गावातल्या एका निवृत्त गुरुजींना ती येत होती. आजवर त्यांच्या या विद्येचा उपयोग फक्त लग्नात कौतुक करून घेण्यापुरता होता. आता त्यांना न्यायला घरी गाडी येऊ लागली. गुरुजी भिंग घेऊन बसत आणि भोवती माणसं श्वास रोखून उभी. गुरुजींना थांबून चष्मा पुसायची सवय, तीही नेमकी जातीच्या रकान्यापाशी. काहींना हवी ती ओळ मिळाली, काहींना नाही मिळाली, आणि एकाला स्वतःच्या पणज्याची दुसरी बायको मिळाली. तो नक्कल न घेता गेला.

या साऱ्याच्या काही महिने आधी एका सन्माननीय सदस्यांनी मला लेखी सूचना दिली होती. जुन्या कागदांवर नागरिकांचा पैसा का घालवायचा? सगळं स्कॅन करा आणि मूळ जाळून टाका, म्हणजे दोन खोल्या मोकळ्या होऊन तिथे गाळे काढता येतील, उत्पन्नही होईल. मी तोंडी सांगून पाहिलं. मागे एका ठेकेदाराने स्कॅन केलं होतं, त्यात निम्म्या पानांवर ऑपरेटरचा अंगठा आहे आणि सगळ्या फोल्डरांचं नाव ‘न्यू फोल्डर’. सदस्य म्हणाले, २०१२ला मंत्रालयाला आग लागली, फायली जळाल्या, तरी राज्य चाललंच ना? यावर मला उत्तर सुचलं नाही. चाललं हे खरंच होतं.

रांगेच्या दिवसांत ते आलेच. रांगेत नाही, आत. त्यांच्या आज्याची नोंद आमच्याकडे निघाली नाही. आजा मुळात दुसऱ्या तालुक्यातला. तेव्हापासून त्यांचं ठाम मत आहे की पालिकेने कागद नीट जपलेले नाहीत. सूची नव्याने करायचा ठराव त्यांनीच मांडला, तो एकमताने मंजूर झाला, निविदा अजून निघायची आहे.

त्यांची ती जाळून टाकायची लेखी सूचना परवा टेबलावर वर आली. प्रकरण बंद करायचं होतं आणि वर्ग घालायचा होता. वेळ पावणेसहाची. मामा किल्ल्या वाजवत दारात उभे. मी कोपऱ्यात अ लिहिलं आणि कागद मामांकडे दिला. मामांनी तो वाचला, खारव्यात बांधला आणि मधे वेखंडाची एक पुरचुंडी जास्त ठेवली.