साठ साहेब आणि आमचे काका

जुन्या गोव्यात उतरलेला माणूस आधी बाँ जेझूच्या चर्चमध्ये जातो. आम्हीही गेलो. बाहेर आलो तेव्हा ऊन असं होतं, की काकांनी भक्तिभाव गुंडाळून थेट विचारलं, "पंखा कुठे असेल रे?" रस्त्यापलीकडे सेंट फ्रान्सिस ऑफ असिसीचा जुना मठ आहे. १९६४ पासून तिथे पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. आमची इतिहासाची ओढ ही अशी पंख्याच्या वाऱ्याने जागी झाली.

आत शिरताच काशाचा धिप्पाड आफोन्सो द आल्बुकर्क आडवा आला. १५१० साली आदिलशहाकडून गोवा घेतला तो हाच. काका नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेले, नावावर अकरा बदल्या. त्यांनी पहिला प्रश्न केला, "इथून कुठे टाकला याला?"

मी सांगितलं, "१५१५ साली होर्मुझहून परत येताना याला समुद्रातच कळलं, की आपल्या जागी दुसरा नेमलाय. तोही वैऱ्यांपैकी. गोव्याच्या तोंडाशी जहाजावरच गेला बिचारा."

काकांनी टोपी काढली. "ऑर्डर निदान हातात द्यावी माणसाच्या!"

"बिचारा कसला?" काकू कडाडल्या. "गाव घेताना किती माणसं कापली, ते नाही का विचारायचं?" टोपी परत डोक्यावर गेली.

पुढे कदंब राजांच्या काळातले वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांचे दगड, मांडलेले. काकूंना ते लगेच ओळखीचे वाटले. "आमच्या देवळामागे आहेत असले दोन. म्हशी पाठ घासतात त्यांना." खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत आणि सगळ्यांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. एका दगडावर तर चक्क होडी होती, ओळीने वल्हेकरी बसवलेली. दर्यावर्दी फक्त लिस्बनहून येत, असं मला शाळेत वाटायचं. त्या होडीने ते बुडवलं.

वरच्या मजल्यावर पोर्तुगीज गव्हर्नर आणि व्हाइसरॉय, साठेक तसबिरी. ही प्रथा १५४७ साली जुआंव द कास्त्रोने सुरू केली. साहेब बदलला, की तसबीर वाढली. पुढच्या रंगाऱ्यांनी जुन्यांवरही हात फिरवल्यामुळे बरेच साहेब एकाच आईचे वाटतात.

"नेमणूक किती वर्षांची?"

"साधारण तीन."

"आमच्यासारखीच की!" काकांना साडेचारशे वर्षांचं राज्य एकदम घरचं वाटू लागलं. ते एकेका साहेबापुढे थांबत, पोशाख तपासत, 'हा खाणारा दिसतो' असे शेरे मारत निघाले. शेवटी भिंतीवरच्या मोकळ्या जागेकडे बघत म्हणाले, "आमच्या कचेरीत कुणाला सुचलं नाही हे."

"भिंतीवर फोटो लावायची घाई नको," काकू म्हणाल्या. "मग हार आणावा लागतो."

काका निमूट खाली उतरले. जाता जाता होडीच्या वीरगळापाशी वाकून त्यांनी वरखाली नाव शोधलं. सापडलं नाही.

"हुद्दा काय असेल गं याचा?"

"लढला, एवढंच दिसतंय."

"आणि बदली?"

काकूंनी मधल्या चौकटीतल्या अप्सरांकडे बोट दाखवलं. "एकच झाली. पण न्यायला माणसं आली होती."