रात्र थोडी, किलोमीटर फार

मराठी माणसाचा प्रवास सूर्य मावळल्याशिवाय सुरूच होत नाही. लग्नाला जायचं असो, देवाला, गावाला नाहीतर गोव्याला, घरातलं सर्वांत अनुभवी माणूस एकच वाक्य बोलतं : "रात्री निघू, सकाळी पोचू, दिवस मोडायला नको." या वाक्यावर एसटीची रातराणी वर्षानुवर्षं धावली, खाजगी ट्रॅव्हल्सवाल्यांनी बंगले बांधले, आणि आता त्याच वाक्यावर कॅम्परव्हॅन रस्त्याला लागली आहे.

कॅम्पर म्हणजे चाकांवरचं घर. आत पलंग, पडदे, फ्रिज, शेगडी, मोरी, संडास. ज्याने कोणी ही गाडी पहिल्यांदा बनवली त्याच्या डोक्यात अगदी साधी गोष्ट होती : हॉटेल शोधत धावायला नको, झोप आली की गाडी बाजूला लावावी आणि मागे जाऊन आडवं व्हावं. आपण मात्र तीच गाडी दिवसाला हजारो रुपये मोजून घेतो आणि नेमका उलटा अर्थ काढतो. मागे पलंग आहे ना? मग थांबायचं कशाला?

आमच्या दाजींचा बेत ऐका. शुक्रवारी ऑफिस आटोपून रात्री अकराला पुणं सोडायचं. रात्रभर पाळीपाळीने गाडी चालवायची. सकाळी तारकर्ली. दिवसभर गाडीत मस्त झोपायचं आणि अंधार पडला की पुढे गोवा. "म्हणजे दोन दिवस वाचले की नाही?" वाचले की. आणि वाचवलेले दोन्ही दिवस झोपून काढले. एवढा नफ्याचा व्यवहार सावकारालाही सुचला नसता.

वाटेत दाजींच्या कुटुंबाने काय पाहिलं? खंबाटकी घाटात ट्रकचा मागचा फळा. साताऱ्याला ट्रकचा मागचा फळा. कराडला टँकरचा, म्हणजे जरा वेगळा. कोल्हापूर आलं पहाटे तीन वाजता. ज्या शहरात मिसळ आहे, तांबडा-पांढरा आहे, त्या शहरातून पहाटे तीनला शटरं बघत पुढे जाणं हा माझ्या मते दखलपात्र गुन्हा ठरवायला हवा. पुढे सह्याद्री उतरले तेही काळोखात. दऱ्या, जंगल, धुकं सगळं होतं म्हणे तिथे. हेडलाइटला जेवढं दिसलं तेवढं त्यांच्या मालकीचं.

"रात्री ट्रॅफिक नसतं" ही दुसरी समजूत. मोठ्या शहरांत अवजड वाहनांना दिवसा ठरावीक वेळी बंदी असते, त्यामुळे ट्रक बाहेर पडतात ते रात्रीच. म्हणजे ट्रॅफिक असतं, फक्त तुमच्यापेक्षा वीस टन जड असतं आणि डिपर मारायचा त्याला कंटाळा असतो. त्यात पश्चिम महाराष्ट्रात गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाच्या ट्रॉल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांच्याबाहेर दोन्ही अंगांनी लोंबणारा ऊस, मागे दिवा असेल तर असेल. रिफ्लेक्टर लावायच्या मोहिमा दर वर्षी निघतात, फोटो छापून येतात. ट्रॉली मात्र काळीच. बैलगाडी असेल तर तिचे रिफ्लेक्टर म्हणजे बैलाचे डोळे, आणि तो पुढे बघत असतो.

बंद पडलेला ट्रक हा आणखी एक प्रकार. त्याच्यामागे चार धोंडे आणि झाडाची एक फांदी, ही आपली राष्ट्रीय धोक्याची सूचना. ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो, धोंडे तिथेच राहतात. पावसाळ्यात त्यांच्या जोडीला गुरं, कारण रानापेक्षा डांबर कोरडं असतं. हे सगळं दिवसा लांबून दिसतं. रात्री ते दिसतं तेव्हा फार जवळ आलेलं असतं, आणि कॅम्पर काही मोटारसायकल नाही. उंच, जड, पोटात पाण्याची टाकी डुचमळतेय. ती कचकन थांबत नाही आणि वळवली तर कलते.

हे सांगितलं की दाजी आकडेवारी काढतात. केंद्रीय वाहतूक मंत्रालयाच्या अहवालांत सर्वांत जास्त अपघात संध्याकाळी सहा ते नऊमध्ये दिसतात, मध्यरात्रीनंतर ते बरेच कमी होतात. खरं आहे. मध्यरात्रीनंतर रस्त्यावर माणसंच कमी असतात, हेही खरं आहे. त्या हिशेबाने अंटार्क्टिका जगातला सर्वांत सुरक्षित महामार्ग.

आता डोळ्यांचं बोलू. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये एक छोटा प्रयोग मांडला. त्याच माणसांना एकदा जागं ठेवलं, एकदा दारू पाजली आणि दोन्ही वेळा एकच काम करून घेतलं. सतरा तास जागलेला माणूस रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्याइतका ढिला पडला. चोवीस तास जागलेला ०.१० टक्केवाल्याच्या पंगतीला जाऊन बसला. आपल्या मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. आता हिशेब करा. दाजी शुक्रवारी सकाळी सहाला उठले, दिवसभर ऑफिस केलं आणि रात्री अकराला चावी फिरवली. सतरा तास तिथेच भरले. चांदणी चौकात पोलिसाने नळीत फुंकायला लावलं असतं तर मशीन म्हणालं असतं, शून्य. माणूस अट्टल शाकाहारी, निर्व्यसनी, आणि हात-डोळे मात्र दोन पेग झालेले. सकाळी सहाला कोकणात उतरताना त्यांनी कायद्याची मर्यादा तिपटीने ओलांडलेली असते, तीही एक थेंब न घेता.

पहाटे तीन ते पाच ही सर्वांत वाईट घटका. शरीराचं तापमान पहाटेच्या सुमाराला दिवसातलं सर्वांत कमी असतं, मेंदूने दुकान बंद केलेलं असतं. अशा वेळी डोळा लागतो तो जांभई देऊन, परवानगी मागून लागत नाही. तीन-चार सेकंद जातात आणि चालवणाऱ्याला ती गेल्याचं कळतही नाही. ताशी ८० च्या वेगाने चार सेकंदांत गाडी जवळजवळ ९० मीटर जाते. यावर आपल्याकडचे उपाय : काच खाली करणं, तोंडावर पाणी मारणं, सुपारी चघळणं, गाणी मोठ्याने लावणं. कॉफीचा उपयोग होतो, पण ती अंगात भिनायला वीस-तीस मिनिटं घेते, आणि तिनेही झोपेचं कर्ज फिटत नाही, हप्ता पुढे ढकलला जातो. शिवाय एक मेव्हणा असतो. "मी शेजारी बसतो, तुला झोपू देत नाही" अशी शपथ घेऊन पुढच्या सीटवर बसलेला. कात्रजचा बोगदा संपायच्या आत तो घोरत असतो.

पाळीपाळीने चालवायचं म्हणतात, तेही ऐका. जो मागे जाऊन दोन तास झोपतो तो धावत्या गाडीत झोपतो. प्रत्येक गतिरोधकाला त्याचं डोकं छताची चौकशी करून येतं. पलंगाला पट्टा नसतो. ब्रेक करकचून दाबला तर गादी जागेवर राहते आणि माणूस शेगडीपर्यंत जातो.

पण बऱ्याच घरांत पाळीच नसते, कारण गाडीबरोबर ड्रायव्हर भाड्याने मिळतो. इथे मला खरं बोचतं. चार पलंगांची गाडी, आत चार-पाच माणसं, आणि ज्याने रात्रभर स्टिअरिंग धरलं त्याच्यासाठी पलंग मोजलेलाच नाही. सकाळी समुद्रावर पोचलं की आतली मंडळी पडदे ओढून झोपतात. ड्रायव्हरदादा बाहेर सुरूच्या झाडाखाली, नाहीतर सीटवर पाय स्टिअरिंगवर टाकून. तासाभराने कोणीतरी काच ठोठावतं : "दादा, पाण्याचे जार आणता का?" मग "दादा, गाडी जरा सावलीत घेता का?" आणि रात्री नऊला, "दादा, चला, झाली ना झोप?" मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा, त्यात दिवसाला आठ तास काम लिहिलं होतं. ढाब्यावरच्या बाजेवर पहाटे ताणून देणारा ट्रकवाला या बाबतीत आपल्या सहलीपेक्षा सुधारलेला आहे.

दिवसा झोपणाऱ्यांचं तरी भलं होतं का? मे महिन्यात कोकणात सकाळी दहाला पत्र्याच्या डब्यात झोपून बघा. एसी लावायचा तर बाहेरची वीज हवी किंवा जनरेटर. जनरेटर लावला की शेजारचं घर जागं, मग भांडण, मग आपणही जागे. महाराष्ट्र सरकारने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यात वीज-पाण्याची सोय असलेले पार्क आहेत. रस्त्याने जाताना असा पार्क शेवटचा कधी दिसला ते आठवून पाहा. तोवर गाडी उभी राहते ती देवळामागच्या मोकळ्या जागेत किंवा शाळेच्या पटांगणाशेजारी. आणि गावात एवढी मोठी पडदेवाली गाडी आली की ती व्हॅनिटीच असणार. पोरं पत्रा वाजवून विचारतात, "आत कोण हाय?" आत कोणी हिरो नसून सहकारी बँकेतले ऑफिसर बनियनवर झोपले आहेत, हे कळल्यावर होणारी निराशाही मोठ्या आवाजात व्यक्त होते.

रात्रपाळी करणाऱ्यांची दिवसाची झोप रात्रीच्या झोपेपेक्षा तोकडी पडते, हे जगभर मोजून झालं आहे. खिडकीतून ऊन आलं की मेंदू उठतो, त्याला तुमचा सहलीचा बेत माहीत नसतो. मग दुपारी चारला चिडचिडे होऊन बाहेर यायचं. मालवणात सकाळी रापण ओढून झालेली असते. खानावळीत सुरमईची थाळी संपलेली असते. किल्ल्याच्या शेवटच्या होड्या परतायला लागलेल्या असतात. उरतो वडापाव. तो पुण्यातही मिळत होता.

समृद्धी महामार्गावर तर रात्रीचा मोह आणखी मोठा. ७०१ किलोमीटर, सरळ, सपाट, आणि सुरुवातीच्या काळात थांबून चहा प्यायचीही धड सोय नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेडराजाजवळ खाजगी बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. टायर फुटला की चालकाचा डोळा लागला यावर पुढे वाद झाला. वेळ रात्री दीडच्या सुमाराची होती, त्यावर वाद नाही.

ज्यांच्याकडून आपण ही कॅम्परची हौस उचलली ते काय करतात? ऑस्ट्रेलियात आडवाटेच्या भागांत भाड्याची कॅम्पर घेतली तर अनेक करारांत स्पष्ट लिहिलेलं असतं की गावाबाहेर अंधारात चालवायची नाही. कांगारू संध्याकाळनंतर रस्त्यावर येतात, आणि अंधारात काही झालं तर विमा हात वर करतो. तिथले लोक चारला गाडी लावतात आणि खुर्च्या मांडून बसतात. आपल्याकडेही दक्षिणेला निघालेल्या निशाचरांची एक जागी बरी जिरते : म्हैसूरहून उटीला किंवा वायनाडला जाणारे बांदीपूरच्या जंगलातले रस्ते २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा बंद असतात. रात्री रस्ता ओलांडणाऱ्या हत्तींसारख्या जनावरांच्या अंगावर गाड्या जायला नकोत म्हणून. पुण्या-मुंबईची माणसं फाटकाशी येऊन आरडाओरडा करतात आणि शेवटी नाइलाजाने कॅम्परमध्ये, उभ्या गाडीत, रात्रीच्या वेळी झोपतात. गाडी ज्यासाठी बनवली ते काम तिच्याकडून करून घ्यायला हत्ती लागले.

तेव्हा या दिवाळीत कॅम्पर ठरवली असेल तर शुक्रवारी रात्री घरीच झोपा. शनिवारी सकाळी सहाला निघा, कोल्हापुरात मिसळ खा, दिवस मावळायच्या आत घाट उतरा आणि अंधार पडायच्या आत गाडी लावा. एक पलंग ड्रायव्हरदादांसाठी मोकळा ठेवा. जागा पुरत नसेल तर मेव्हण्याला बाहेर झोपवा.