संशोधन विभाग (कृपया दार ढकलावे)

जळगाव एमआयडीसीत आमच्या ओळखीच्या एका शेठजींचा चटयांचा कारखाना आहे. नाव सांगत नाही. दिवाळीला मिठाईचा डबा येतो. परवा त्यांच्याकडे परदेशी मशीन आलं. नारळ फुटला, हार चढला, भरीत-पुरीच्या पंगती उठल्या. मग बटण दाबलं. पडद्यावर लाल अक्षरं उमटली, तीही चिनी. सगळ्यांनी हात जोडले. धुळ्याचा म्हातारा फिटर तेवढा पुटपुटला, “मशीन ते उनं भाऊ, पन अक्कल पार्सलमा नही उनी.”

“तुमचा संशोधन विभाग बघेल की,” मी म्हणालो. विभाग आहे. पाटी आहे, कुलूप आहे, आत फाटक्या चटयांचे गठ्ठे आहेत. या पाटीचा इतिहास आयकर कायद्यात सापडतो. मान्यताप्राप्त संशोधनावरच्या खर्चाची दुप्पट वजावट मिळायची, तेव्हा शेठजींना शोधांनी झोप येत नसे. २०१७ च्या एप्रिलपासून ती दीडपट झाली, कुतूहल निम्म्यावर आलं. २०२० पासून खर्चाएवढीच उरली आणि शेठजी घोरू लागले. अर्थात एकट्या शेठजींना का बोला? अख्ख्या देशानं २०२०-२१ मध्ये संशोधनावर जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च केला, त्यातही बराचसा सरकारनंच.

याच जळगावात १९७८ साली भवरलाल जैन यांनी केळीच्या भुकटीचा आजारी कारखाना विकत घेतला होता. यंत्रं आयती होती, पण ते भुकटीच काढत बसले नाहीत. त्यांत फेरफार करून पपईच्या चिकापासून पपेन काढलं, परदेशी पाठवलं. पुढे ठिबक आलं. ती नळी केळीच्या बुंध्याशी आणि विहिरीच्या क्षारांशी जुळवून घ्यावी लागते. ते काही खोक्यात भरून येत नाही. २००७ मध्ये तर त्यांच्या कंपनीने ठिबकच्या माहेरी, इस्रायलात, नानदान या कंपनीत निम्मा वाटा घेतला. (नंतर कर्जानं घाम फोडला, ते वेगळं.)

हे सगळं शेठजींना सांगितलं. त्यांनी लक्षपूर्वक ऐकलं, मान डोलावली.

“म्हणजे जुनं मशीन घ्यायला पाहिजे होतं!”

तोवर फिटरनं पेचकस लावून मशीनचं झाकण उघडलं होतं. त्याच्या हाताखालचा पोऱ्या खडूनं भिंतीवर आतल्या तारांची आकृती काढत होता. शेठजी धावले.

“लाव ते झाकण! वॉरंटी जाईल!”