डीपीशेजारच्या नंदनवनाबद्दल जाहीर अभिनंदन

मा. अध्यक्ष व सदस्य,
सुशोभीकरण समिती,
यांस,

अकरा हजार व्होल्टच्या रोहित्राला लागून हिरवळ, बाक आणि लोखंडी खांबांचे गार्डन लाइट! ही कल्पना सुचायला धाडस लागते. ते समितीकडे भरपूर आहे आणि त्याच्या आड येणारे वीजशास्त्र अजिबात नाही, हा दुग्धशर्करा योगच म्हणायचा.

त्या कोपऱ्यात सिमेंटच्या झाकणांचे पाच खड्डे होते. आपण त्यांना ‘बंद पडलेले चेंबर’ ठरवून दोन मातीखाली घातले आणि तिसऱ्यावर मोगऱ्याची कुंडी मांडली. ते अर्थिंगचे खड्डे आहेत: दोन न्यूट्रलचे, दोन बॉडीचे, एक लाइटनिंग अरेस्टरचा. खोदताना जी ‘भंगार पट्टी’ पहारीला लागली आणि वाकवून बाजूला सारली गेली, ती या खड्ड्यांचीच. भंगारवाल्याला दिली नाहीत, याबद्दल वेगळे आभार.

समितीच्या परिपत्रकात म्हटले आहे की, ‘जमिनीत शिरलेली वीज शून्य होते.’ किती सोयीचे! रोहित्राच्या उच्चदाब बाजूला दोष झाला की प्रवाह याच खड्ड्यांतून जमिनीत उतरतो. समजा ५०० अँपिअर उतरले आणि अर्थिंगचा रोध २ ओहम असला, तर दूरच्या जमिनीच्या तुलनेत तिथला दाब १,००० व्होल्ट चढतो. खड्ड्यापासून दूर जावे तसा तो उतरत जातो. म्हणजे तिथे चालणाऱ्याचे एक पाऊल एका व्होल्टेजवर आणि दुसरे दुसऱ्यावर. पावसाळ्यात खांबाजवळ गुरे दगावतात ती अनेकदा याचमुळे. त्यांच्या पुढच्या आणि मागच्या पायांतले अंतर आपल्या पावलापेक्षा मोठे असते आणि प्रवाहाची वाट छातीतून जाते. फीडरचा ब्रेकर लगेच पडतो, हे खरे. पण हृदयाला सेकंदाचा लहानसा भागही पुरतो.

आता आपली दिव्यांची केबल. ‘महागातली आर्मर्ड घेतली, आता काळजी नाही,’ असे सभेत सांगण्यात आले. टाळ्याही पडल्या. त्या आर्मरचे, म्हणजे धातूच्या कवचाचे, एक टोक खांबाला आणि दुसरे लांब मीटर रूमच्या अर्थला बांधलेले आहे. म्हणजे कोपऱ्यातली जमीन हजार व्होल्टला चढलेली असताना दिव्याचा खांब मीटर रूमची जमीन धरून उभा राहणार आणि त्याला हात लावून उभे असलेले मूल या दोहोंच्या मधे. यावर आपल्या सुपरवायझरांनी तोड काढली: ‘पट्टी इथेच आहे, खांब तिलाच जोडून टाकू.’ मग आर्मरवरून तोच चढलेला दाब बागेतल्या सगळ्या खांबांवर जाईल, घसरगुंडीजवळच्यासुद्धा. वाटप न्याय्य होईल, एवढे मात्र मान्य.

आरसीसीबी आहे ना? आहे, ३० मिलिअँपिअरचा, चांगल्या कंपनीचा. तो आपल्या सर्किटमधून गेलेला आणि परत आलेला प्रवाह ताडून पाहतो. दोषाचा प्रवाह येतो महावितरणच्या लाइनवरून, त्यामुळे आरसीसीबी पडला तरी खांबावरचे संकट टळत नाही. दिवे बंद असले तरी हा धोका तसाच.

केबलच्या खोलीबद्दल काय बोलावे! आयएस १२५५ प्रमाणे कमी दाबाची केबल पाऊण मीटर खाली, वाळूच्या थरात, वर विटा रचून टाकायची. आपली वीतभर खाली आहे. माळीबुवांची कुदळ तिथवर सहज पोहोचते.

उपाय सांगतो, त्यात समारंभ कमी असल्याने समितीला कदाचित रुचणार नाही. त्या कोपऱ्यात केबल नेऊच नका. उजेड हवाच असेल तर लांबच्या इमारतीच्या भिंतीवरून टाका, किंवा तार नसलेले, प्लॅस्टिक खांबाचे सोलर दिवे लावा. केबलला दुसरी वाटच नसेल, तर तो टप्पा बिनआर्मरचा आणि बिनजोडाचा, अखंड प्लॅस्टिक पाइपमधून न्या आणि तिथे धातूचा खांब उभारू नका. अंतर किती ठेवायचे हे मातीची रोधकता, अर्थिंगचा रोध आणि दोषप्रवाह पाहून ठरते. ते परवानाधारक ठेकेदार मोजून सांगेल. सभेत हात वर करून ते ठरत नाही. मोजणी कोरड्या दिवसांत करावी, ओल्या मातीत आकडा उगाच चांगला दिसतो.

आणि त्याआधी महावितरणला कळवून ती पट्टी, तिचे सांधे तपासून घ्या. गाडलेले खड्डे उघडा, कुंडी हलवा. उद्घाटन गणपतीत करा नाहीतर दिवाळीत. तपासणी होईपर्यंत त्या कोपऱ्याच्या फाटकाला कुलूप लावा आणि किल्ली मुलांच्या हाती लागू देऊ नका.

आपला नम्र,
बी विंगमधील एक निवृत्त वायरमन