आधी तापवा, मग निववा

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने पळवणे, त्यामुळे तो तापणे, तापला म्हणून त्याला निववायचे सामान आणणे, आणि सामान आणलेच आहे म्हणून वेग आणखी वाढवणे. हे रहाटगाडगे एकदा नीट फिरू लागले की माणसाला दुसरा छंद लागत नाही. लागला तरी परवडत नाही. प्रस्तुत कृती नागपुरात, मे महिन्यात सिद्ध झालेली आहे. त्यामुळे महाबळेश्वरच्या वाचकांनी ती हसतखेळत करावी.

पूर्वपीठिका

१९९८ साली इंटेलने सेलेरॉन ३००ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला. वेग ३०० मेगाहर्ट्झ. मदरबोर्डवरची बस, म्हणजे प्रोसेसरला मिळणारा मूळ ठोका, ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेली की तोच गडी ४५० वर पळे. लिटरभर दूध मागावे आणि गवळ्याने न बोलता दीड लिटर ओतावे, तसला तो काळ. त्या पिढीतले लोक अजून त्या मापावर जगतात.

पुढे कंपन्या शहाण्या झाल्या. आता कोअर आय-९ १४९००के घेतला, तर त्याचा मूळ वेग ३.२ गीगाहर्ट्झ, पण जरा सवड मिळाली की तो आपला आपण ६ गीगाहर्ट्झपर्यंत उडी मारतो. म्हणजे साय कारखान्यातच काढून घेतलेली असते. आपल्यासाठी उरते ती पातेल्याच्या बुडाची खरवड. २०२४ मध्ये तर इंटेललाच कबूल करावे लागले, की तेराव्या आणि चौदाव्या पिढीतल्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांना गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज जाऊन ते खराब होत आहेत. कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. साय काढता काढता पातेले करपले, ते असे.

तरीही ज्याला खरवड आवडते त्याला सायीचे महत्त्व सांगू नये. त्याने चमचा घेऊन बसावे.

साहित्य

*निमित्त.* हा सर्वांत आधी आणायचा भाग. ‘मुलीच्या अभ्यासासाठी’ हे निमित्त जुने असले तरी टिकाऊ आहे. मात्र अभ्यासाला पाण्याचा पंप आणि तीन पंखे का लागतात, याचे उत्तर तयार ठेवावे. माझे तयार नव्हते.

*प्रोसेसर.* इंटेलचा घेत असाल तर नावाच्या शेवटी ‘के’ हवा. त्याचाच गुणक मोकळा असतो. गुणक म्हणजे १०० मेगाहर्ट्झच्या मूळ ठोक्याला ज्या आकड्याने गुणायचे तो. ५५ ठेवला की ५.५ गीगाहर्ट्झ. एएमडीच्या रायझनमध्ये बहुतेकांचा मोकळाच असतो. ‘केएफ’ दिसला तर सावध राहावे. ‘एफ’ म्हणजे आत ग्राफिक्स नाही. वेगळे कार्ड नसेल तर सर्व काही उत्तम चालते, फक्त दिसत नाही. शिवाय एका झाडाची दोन संत्री सारखी गोड नसतात, तसे एकाच जातीचे दोन प्रोसेसर सारखे पळत नाहीत. संत्रे निदान हातात घेऊन बघता येते.

*मदरबोर्ड.* इंटेलच्या ‘के’ प्रोसेसरला ‘झेड’ मालिकेचा बोर्ड लागतो. ‘बी’ मालिकेचा स्वस्त बोर्ड घेतल्यास गुणक बदलता येत नाही, आणि जास्तीचे पैसे मोजून घेतलेला ‘के’ नावापुरता उरतो. एएमडीच्या बाजूला ‘बी’ चालतो. बोर्ड निवडताना दिव्यांची रोषणाई पाहू नये, प्रोसेसरच्या कडेचा वीज पुरवणारा विभाग पाहावा. तो १२ व्होल्टचे सव्वा व्होल्ट करतो. अडीचशे वॉट सव्वा व्होल्टने द्यायचे म्हणजे २०० अँपिअर. दीड टनाचा एसी सातेक अँपिअरमध्ये भागवतो. तेव्हा या विभागावर धातूचे खरे गट्टू हवेत, त्यांचे चित्र असलेले प्लास्टिक नव्हे.

*पॉवर सप्लाय.* सगळ्या खरेदीत काटकसर कुठे करावी, तर इथे. अशी आपल्याकडे परंपरा आहे. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला डबा हातात देऊन दुकानदार ‘वजन बघा’ म्हणतो. वजन बघावे आणि डबा परत द्यावा. ‘८० प्लस गोल्ड’ असे प्रमाणपत्र असलेला, गरजेपेक्षा दोनशे-अडीचशे वॉट जास्तीचा सप्लाय घ्यावा. बाकी भाग बिघडले तर एकेकटे जातात. हा गेला तर सोबत घेऊन जातो.

*मेमरी.* डीडीआर-५ पैकी ६००० चा छाप असलेली घ्यावी, आणि बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या अंगच्या सेटिंगमध्ये, जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो नावाची सोय सुरू करावी. ते न केल्यास ती ४८०० नेच चालते. मी दोन वर्षे ४८०० ने चालवली, आणि ‘६००० चा फरक जाणवतो’ असे चारचौघांत सांगितलेही.

निववण्याचे प्रकार

कृतीचा जीव इथे आहे. चिपला लागणारी वीज वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत वाढते. वेग दहा टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेज दहा टक्के वाढवावे लागले, तर उष्णता वाढते तेहेतीस टक्के. या दराने सावकारही लाजला असता.

दुसरा नियम पहिल्याहून कठोर आहे: उष्णता संपवता येत नाही, पुढे ढकलता येते. सरकारी फायलीसारखी ती चिपकडून पेस्टकडे, पेस्टकडून तांब्याकडे, तांब्याकडून पत्र्यांकडे, पंख्यामार्फत खोलीकडे जाते. खोलीतून एसी ती बाहेर काढतो आणि समोरच्या काकूंच्या खिडकीत नेऊन ठेवतो. निर्णय कुठेच होत नाही.

म्हणून पंखा असो की पाणी, प्रोसेसर खोलीपेक्षा थंड होत नाही. समजा, तुमचा कूलर त्याला खोलीपेक्षा ५० अंश वर ठेवतो. परदेशातला परीक्षक २१ अंशांच्या खोलीत बसून ७१ चा आकडा दाखवतो आणि खूश होतो. तोच कूलर नागपुरात ४२ अंशांच्या खोलीत लावला की ९२. शंभरच्या आसपास इंटेलचे चिप स्वतःच वेग उतरवतात. वाढवलेला वेग ज्या क्षणी कामी यावा, त्याच क्षणी तो परत जातो.

*हवा.* जाड नळ्यांचा दुहेरी मनोरा. नोक्टुआचा एनएच-डी१५ हा यातला प्रसिद्ध गडी: पंख्यांसह वजन सुमारे १.३ किलो, उंची १६५ मिलिमीटर. कॅबिनेटची रुंदी आधी मोजावी. नंतर मोजल्यास दार लागत नाही. नळ्यांच्या आत थोडासा द्रव असतो. तो गरम टोकाला उकळून वाफ होतो, थंड टोकाला निवतो आणि आतल्या जाळीतून परत येतो. यात बिघडण्यासारखा फक्त पंखा आहे, आणि तो बदलता येतो. या कारणास्तव हौशी लोक हा प्रकार टाळतात.

*पाणी.* तयार बंद संच मिळतो. ३६० चा म्हणजे १२० मिलिमीटरचे तीन पंखे ओळीने. ‘पाण्याने थंड होतो’ असे पाहुण्यांना सांगता येते. वास्तविक पाणी फक्त हमालाचे काम करते, शेवटी वारा पंख्यानेच घालावा लागतो. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावावा. पंप सर्वांत उंचावर राहिला तर आतली हवा त्यात साठून तो गुरगुरतो.

*द्रव नायट्रोजन.* उणे १९६ अंश. विक्रमवीर हा वापरतात, किंवा त्याहून गार द्रव हेलियम. हेलियमच्या जोरावर २०११ मध्ये एएमडीचा एफएक्स प्रोसेसर ८.४२९ गीगाहर्ट्झवर पोचवला गेला. आपल्याकडे द्रव नायट्रोजन गुरांच्या दवाखान्यात असतो. कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यात ठेवतात. तिथे मागायला जाऊ नये. ‘कशासाठी?’ या प्रश्नाला ‘संगणकासाठी’ हे उत्तर दिल्यावर डॉक्टर ज्या नजरेने बघतात, ती गुरांसाठी राखीव आहे.

*फ्रिज.* नाही. भाजी गार ठेवायला बनवलेल्या यंत्रात तीनशे वॉटची शेगडी कोंडल्यासारखे ते आहे. वर दव धरते ते निराळे.

*कूलर.* वैदर्भीय मनुष्याच्या मनात हा विचार येणारच. खोली निववायला कूलर जरूर लावावा. कोरड्या उन्हाळ्यात तो खोलीचा पारा खरोखर उतरवतो. पण त्याचे तोंड थेट कॅबिनेटकडे करू नये. ताट्यांवर पाण्यातल्या क्षाराची पांढरी पुटे चढतात, तशी ती तुषारांबरोबर बोर्डावरही चढू शकतात.

*टेबलफॅन.* कॅबिनेटचे दार काढून समोर ठेवावा. यावर कोणी लेख लिहीत नाही, कारण तो चालतो.

कृती

प्रोसेसरच्या पाठीवर मटाराच्या दाण्याएवढी थर्मल पेस्ट ठेवावी. ती लोणी नव्हे. तिचे काम दोन धातूंमधल्या बारीक फटींतली हवा हुसकण्याचे आहे, थर देण्याचे नाही. कूलरच्या तळाला चिकटवलेले पारदर्शक प्लास्टिक काढावे. हे वाक्य मी इथे पुन्हा लिहितो: काढावे. मी आठवडाभर ‘चिपच मुळात तापट’ असे निदान करीत होतो.

पुढून हवा आत, मागून आणि वरून बाहेर, असे पंखे लावावेत. जाळ्या दर महिन्याला झटकाव्यात. दिवाळीची वाट पाहिल्यास आत गोधडी तयार होते.

घरातले झोपल्यावर बायोस उघडावे. गुणक एकाने वाढवावा, संगणक सुरू करावा, प्राइम९५ लावावे. हा कार्यक्रम मर्सेन नावाच्या अवाढव्य मूळ संख्या शोधण्यासाठी १९९६ पासून चालत आलेल्या उपक्रमाचा. पण तो प्रोसेसरला इतका पिळतो, की त्यात ‘छळ-चाचणी’ अशीच सोय दिलेली आहे. छळ सोसला, तर गुणक आणखी एकाने वाढवावा. पडदा निळा झाला, तर व्होल्टेज किंचित वाढवावे. पडदा काळा झाला आणि काहीच सुरू होईना, तर बोर्डावरची रुपयाच्या नाण्यासारखी बॅटरी काढून थोड्या वेळाने परत बसवावी. संगणक सगळे विसरून पहिल्यासारखा होतो. ही सोय संसारात नाही.

फलप्राप्ती आणि एक टीप

माझ्या यंत्रावर दहा मिनिटांत तयार होणारी चित्रफीत नऊ मिनिटे चाळीस सेकंदांत होऊ लागली. ही वीस सेकंदे मिळवायला मला चार महिने लागले.

मे महिन्यात मात्र शरणागती पत्करली. ५०० वॉटचे यंत्र सहा तास चालले की तीन युनिट जळतात, आणि त्याची खोलीत पडलेली धग काढायला एसीचे वेगळे. तेव्हा मी उलटी कृती केली: वेग मूळचा ठेवून व्होल्टेज हळूहळू कमी केले. जाणकार याला अंडरव्होल्टिंग म्हणतात आणि एकमेकांत हळू आवाजात बोलतात. तापमान पंधरा अंशांनी उतरले. चित्रफीत दहा मिनिटांवर आली. घरात कोणाच्याही लक्षात आले नाही, याचे थोडे वाईट वाटले.

पावसाळा गेला, दिवाळी गेली, डिसेंबर आला. एका सकाळी स्वयंपाकघरातून हाक आली.

“अहो, त्या संगणकाला काय केलंत तुम्ही?”

“काही नाही. का?”

“मागच्या थंडीत रात्रभर चालू असायचा ना, तेव्हा मी विरजणाचं भांडं त्याच्या मागं स्टुलावर ठेवायची. सकाळी कसं घट्ट दही लागायचं. यंदा तीन दिवस ठेवतेय, नुसतं दूध. वेग कमी केलात का?”

पंखे, पंप, पेस्ट आणि तांबे यांच्यापैकी कोणीच ज्या फायलीवर निर्णय घेतला नव्हता, तिच्यावर आमच्या स्वयंपाकघराने वर्षभरापूर्वीच सही केलेली होती.

रात्री घरातले झोपल्यावर मी बायोस उघडले आणि गुणक दोनाने वाढवला.