पेरणीच्या आधी आफ्रिका

सोनाळ्यात कुणी आफ्रिकेला सफारीला जायचं म्हणालं, तर पैशाचा विषय नंतर निघतो. पहिला प्रश्न येतो, "काहून?"

प्रश्न रास्त आहे. गावाच्या उत्तरेला सातपुडा आडवा पसरलेला, त्याच्या कुशीत अंबाबरवा अभयारण्य, आणि ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग. वाघ, बिबट्या, अस्वल, रानगवा, सांबर, चौशिंगा अशी सगळी मंडळी तिथे नांदतात. रोही आणि रानडुक्कर तर गेटावर पावती न फाडता आपल्याच हरभऱ्यात येतात. हातात बॅटरी, अंगावर घोंगडी घेऊन जागलीला जाणारा माणूस हिवाळाभर जी नाईट सफारी करतो, तिचे परदेशात डॉलर मोजावे लागतात. त्याला आफ्रिकेचं काय कौतुक?

आमच्या मोठ्या काकांनी तर मुळावरच घाव घातला.

"तिथं वाघ हाय का?"

"नाही काका. आफ्रिकेच्या जंगलात वाघ नसतोच."

"मंग जाता कायले?"

पुण्यात नोकरी करणाऱ्या पुतण्याने तोपर्यंत व्हॉट्सॲपवर पीडीएफचा पाऊस पाडलेला. केनिया, टांझानिया, बोट्सवाना, नामिबिया, दक्षिण आफ्रिका. प्रत्येक कागदावर तोच मावळता सूर्य आणि तेच छत्रीसारखं झाड. शिवाय सगळीकडे 'बिग फाइव्ह'चं वचन. काकांना यादी वाचून दाखवली: सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि म्हैस. म्हशीपाशी काका थांबले. "म्हैस पाहाले एवढ्या दूर?" ही यादी पर्यटकांची नव्हे, जुन्या शिकाऱ्यांची आहे, पायी शिकार करताना जे पाच प्राणी सर्वांत धोक्याचे, ते त्यांनी निवडले. त्यात जिराफ नाही, चित्ता नाही, पण म्हैस आहे. ती गोठ्यातली नव्हे, अंगावर आली तर झाडावर चढायला लावणारी. काकांचं समाधान झालं नाही. दूध न देणारी म्हैस त्यांच्या हिशेबात बसत नाही.

आता निवड. पहिल्या सफारीसाठी सगळे केनियातल्या मसाई माराचं नाव घेतात, आणि त्यात काही चूक नाही. मुंबईहून नैरोबी सहा तासांच्या आसपास. सोनाळ्याहून मुंबई गाठायला त्याहून जास्त वेळ जातो. उघडं गवताळ रान, त्यामुळे प्राणी लपायला जागा नाही. जुलै ते ऑक्टोबरच्या दरम्यान वाइल्डबीस्टचे कळप मारा नदी ओलांडतात, खाली मगरी वाट पाहत असतात. ते दृश्य टीव्हीवर पाहिलं नाही असं घर नसेल. मात्र याच महिन्यांत एका माणसाची दिवसाची प्रवेश फी दोनशे डॉलर होते, आणि नदीकाठी गाड्यांचीही गर्दी अशी, की वाइल्डबीस्टला उतरायला वाट काढून द्यावी लागते.

पण खरी अडचण फी नाही, महिने आहेत. ही पत्रकं छापणाऱ्यांना जुलै म्हणजे मोकळा महिना वाटतो. आमच्याकडे मृग निघाला की पेरणी. जुलैत डवरणी आणि निंदण, मग फवारणी, मग पोळा. ऑक्टोबरात सोयाबीन सोंगायला येतं, ते घरात येत नाही तोच कापसाचा वेचा सुरू होतो आणि मजूर मिळत नाहीत. वाइल्डबीस्ट नदी ओलांडतात तेव्हा आमचा माणूस चिखलाने भरलेली बांधाची वाट ओलांडत असतो. आणि गावच्या सोनाजी महाराजांच्या यात्रेला घरचं माणूस हजर नाही, हे तर कुणी ऐकूनही घेणार नाही.

टांझानियाचे लोक यावर तोड सुचवतात. जानेवारी-फेब्रुवारीत हेच कळप सेरेंगेटीच्या दक्षिणेला, न्दुतूच्या माळावर असतात आणि थोड्याच आठवड्यांत लाखो वासरं जन्माला येतात. जन्मल्यावर काही मिनिटांत वासरू पायांवर उभं राहतं, कारण सिंह आणि तरस जवळच असतात. हा महिना मला मारापेक्षा जास्त आवडला असता. पण फेब्रुवारीत हरभरा सोंगायला येतो. शिवाय याच दौऱ्यात न्गोरोंगोरो दाखवतात: ज्वालामुखी खचून झालेलं विवर, तळ सुमारे 260 चौरस किलोमीटर, खाली खारं सरोवर आणि त्याच्याभोवती सिंह-हत्तींचा संसार. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला विवराचं काय सांगता? आमचं लोणार आहे की. ते उल्का आदळून झालं, हे ज्वालामुखीने. पाणी दोन्हीकडे खारट. फरक एवढाच की त्यांच्या विवरात गेंडे फिरतात आणि आमच्या विवराच्या काठावर सहली फिरतात.

बोट्सवानाच्या ओकावँगोबद्दल थोडक्यात सांगतो, कारण ते परवडत नाही. अंगोलात पडलेला पाऊस महिनोन्‌महिने वाहत तिथे पोचतो आणि ऐन कोरड्या हंगामात वाळवंटात पूर येतो. निसर्गाने केलेलं कालव्याचं पाणीवाटप, तेही टेलपर्यंत. बघायलाच हवं असं आहे. पण त्या देशाने ठरवून पर्यटक थोडे आणि दर चढे ठेवले आहेत.

नामिबियाचं इटोशा मात्र आमच्या स्वभावाला जवळचं. कोरड्या महिन्यांत तिथे पाणी मोजक्याच ठिकाणी उरतं, म्हणून प्राण्यांच्या मागे धावावं लागत नाही. पाणवठ्याशी गप्प बसावं, प्राणी येतात. ओकाउकुएयो या छावणीच्या कुंपणालगतच पाणवठा आहे, रात्री त्यावर दिवे असतात. बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर रात्र काढणाऱ्यांना हे शिकवावं लागत नाही. त्या रात्री डास चावतात, पाण्याची बाटली संपते, पहाटे डुलकी लागते आणि नेमकं तेव्हाच खाली काहीतरी पाणी पिऊन जातं. इटोशात खुर्ची आहे, इतकाच काय तो बदल. पण तिथली खरी मजा जून ते ऑक्टोबर. पुन्हा तीच पेरणी.

या सगळ्या खटाटोपात एक गंमत होऊन गेली. आपण आफ्रिकेला कधी जायचं याचा विचार करत बसलो आणि आफ्रिकाच इकडे आली. 17 सप्टेंबर 2022 ला नामिबियाचे आठ चित्ते मध्य प्रदेशातल्या कुनोत उतरले, पुढच्या फेब्रुवारीत दक्षिण आफ्रिकेचे आणखी बारा. आणि प्रवास कसा करावा हे पाहायचं असेल तर टिपेश्वरच्या त्या वाघाकडे पाहावं. 2019 च्या जूनमध्ये तो यवतमाळ जिल्ह्यातून निघाला आणि तेलंगणात डोकावून, शेतं, नाले, रस्ते तुडवत डिसेंबरात आमच्या जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेराशे किलोमीटरहून जास्त चालला. गळ्यात रेडिओ कॉलर होती म्हणून आपल्याला कळलं. त्याने एकही पीडीएफ उघडली नव्हती. जागा हवी होती आणि जोडीदारीण. मागणी स्पष्ट असली की ठिकाण आपोआप ठरतं.

आपली मागणी काय, हे ओळखण्यासाठी आफ्रिकेच्या आधी एक सकाळ अंबाबरव्यात काढावी, असं मी प्रत्येकाला सांगतो. मोहाच्या दिवसांत जावं. सागाची पानं गळून वाळलेली असतात, त्यामुळे साधा सरडा पळाला तरी रानडुक्कर आलं असं वाटतं. वाटेच्या कडेला एक वारूळ फोडलेलं दिसतं. गाईड गाडी थांबवायला लावतो. लाल मातीवर लांब नख्यांचे समांतर ओरखडे, मधोमध नाक खुपसून केलेलं भोक; आत श्वास ओढून अस्वलाने वाळवी खाल्लेली. भोकाच्या कडेची माती अजून ओली आहे, आणि वाचलेल्या वाळव्या पडझड झालेल्या घराच्या डागडुजीला लागल्या आहेत. थोडं पुढे विष्ठा, तीत बोराच्या बिया. अस्वल कुठे आहे? नाही दिसत. सकाळभर दिसत नाही. आता सोबतच्याचं तोंड पाहावं. त्याला त्या मातीत रस वाटला, तर तो इटोशात, ओकावँगोत, कुठेही रमेल. तो जर म्हणाला, "म्हणजे साइटिंग झालंच नाही?", तर त्याला मुकाट्याने माराचं तिकीट काढून द्यावं. तो तिथे खूश होईल. त्यात कमीपणा काही नाही. एवढे पैसे खर्चून सिंह दिसावा असं वाटणं हा गुन्हा नव्हे.

राहता राहिला प्रश्न आमच्यासारख्यांचा. शेती आहे, शाळेत जाणारी पोरं आहेत, दिसावंही असं वाटतं आणि गर्दीही नको. मोकळा महिना एकच, मे. नांगरटी झालेल्या, पारा 44-45 वर, पंख्याखालीही माणूस भाजून निघतो. लग्नं असतात खरी, पण लग्नाला न येण्याचं कारण आफ्रिका असेल तर वऱ्हाडात ते चालून जातं. उलट पुढच्या लग्नात तुम्हाला मानाची खुर्ची मिळते. मे म्हणजे मारात पावसाची शेपटी. पण खाली दक्षिण गोलार्धात, दक्षिण आफ्रिकेच्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात, तेव्हा पाऊस संपलेला असतो, गवत वाळू लागतं, हवा आपल्या दिवाळीनंतरच्या दिवसांसारखी होते. सोनाळ्यातून उन्हाळा सोडून निघावं आणि हिवाळ्याच्या उंबऱ्यावर उतरावं.

क्रूगर 1926 पासून राष्ट्रीय उद्यान आहे, आणि क्षेत्रफळ बुलढाणा जिल्ह्याच्या जवळपास दुप्पट. गाडी आपली आपण चालवता येते, रस्त्याची डावी बाजू, म्हणजे सवयीची. डांबरी रस्त्यावर ताशी 50, कच्च्यावर 40, गाडीतून खाली उतरायचं नाही, सूर्यास्ताच्या आत छावणीच्या फाटकात. छावण्यांमध्ये स्वयंपाकाची सोय असलेल्या खोल्या मिळतात, म्हणजे पिठलं-भातावर घर खूश. ज्वारीचं पीठ तिकडच्या दुकानात मिळतं. त्यात नवल नाही, ज्वारी मूळची आफ्रिकेचीच. आपण ती हजारो वर्षं आपली म्हणून खात आलो. काकांना हे सांगितल्यापासून त्यांचा आफ्रिकेला असलेला विरोध बराच निवळला आहे.

केनिया-टांझानियासाठी पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तीही ठरावीक सरकारी केंद्रांवर. दक्षिण आफ्रिकेला थेट किंवा दुबईमार्गे जाणाऱ्याला ती लागत नाही. विमान नैरोबी किंवा अदिस अबाबाला बदलणार असेल तर मात्र तिकीट काढण्याआधी नियम विचारून घ्यावा. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारावं. व्हिसा लागतो.

आणि क्रूगरमध्ये मुक्काम कुठे? तिथे एका छावणीचं नाव चक्क सातारा आहे. थट्टा नाही, नकाशावर पाहा. तिच्या भोवतालची जमीन बेसॉल्टची, म्हणजे आपल्या काळ्या मातीच्या जातीची. तिच्यावर गवत गोड उगवतं, गवताला झेब्रे आणि म्हशी येतात, त्यांच्यामागे सिंह येतात. सिंहांसाठी तो भाग प्रसिद्ध आहे. वऱ्हाडच्या माणसाने पहिल्या सफारीला आणखी कुठे जायचं? खोल्या मोजक्या असतात, म्हणून मेचं आरक्षण आदल्या वर्षीच्या कापसाच्या पैशाची वाट न पाहता दिवाळीच्या आत करून ठेवा, आणि परतीचं तिकीट मृगाच्या आधीचं काढा.